गोळी स्वस्त झाली, गाळणीचे काय? : लक्ष्यवेधी कर्करोगौषधे आणि मूत्रपिंड यांचा इतिहास

9 मार्च 2012 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला. तत्कालीन महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको फार्मा या कंपनीला 'सोराफेनिब' हे कर्करोगावरील औषध बनवून विकण्याचा परवाना दिला. औषधाचे पेटंट जर्मनीतील बायर कंपनीकडे होते आणि तिची या परवान्याला संमती नव्हती. भारतीय पेटंट कायद्यान्वये दिलेला हा पहिला सक्तीचा परवाना. बायरचे 'नेक्साव्हर' तेव्हा महिन्याला 2,80,428 रुपयांना पडत असे. महिन्याच्या त्याच 120 गोळ्या नॅटकोने 8,880 रुपयांपेक्षा अधिक दराने विकू नयेत, असे आदेशात नमूद होते.

हा इतिहास बहुधा कायदा आणि किंमत यांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु त्याच गोळीला दुसराही एक इतिहास आहे. तो न्यायालयात घडला नाही. प्रयोगशाळेतील उंदरांच्या मूत्रपिंडांत, गर्भवती स्त्रियांच्या रक्ततपासणीत आणि कर्करोगाच्या रुग्णांच्या लघवीच्या नमुन्यांत तो हळूहळू उलगडत गेला. औषध कोणाला परवडेल, हा पहिल्या इतिहासाचा प्रश्न आहे. ते परवडल्यानंतर शरीरात कोठे लक्ष ठेवावे लागेल, हा दुसऱ्याचा. हे दोन इतिहास क्वचितच एकत्र वाचले जातात आणि रुग्णाची अडचण नेमकी त्यांच्या मधल्या जागेत उभी राहते.

सिस्प्लाटिनचा धडा

कर्करोगाचे औषध आणि मूत्रपिंड यांचे वैर जुने आहे. 1965 साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जीवाणूंवर विद्युतप्रवाहाचा परिणाम तपासत होते. जीवाणूंचे विभाजन थांबले. पण ते विजेमुळे थांबले नव्हते, प्लॅटिनमच्या विद्युताग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगामुळे थांबले होते. त्या निरीक्षणातून सिस्प्लाटिन हे औषध जन्माला आले. वृषणाच्या कर्करोगावर त्याचा परिणाम विलक्षण होता. मात्र सुरुवातीच्या रुग्णांत मूत्रपिंडांना इतकी इजा होऊ लागली की औषधाचे भवितव्यच धोक्यात आले. ते वाचवणारी युक्ती अगदी साधी निघाली. औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाईन द्यायचे, म्हणजे मूत्रनलिकांत औषध दाट होऊन साचत नाही. 1978 साली सिस्प्लाटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

या प्रकरणाचा अर्थ लावणे सोपे होते. सिस्प्लाटिन हे विषच. ते वाढत्या पेशींच्या डीएनएला जखडते, आणि मूत्रपिंड ते शरीराबाहेर टाकताना स्वतः पोळते. नेमका वेध घेणारे औषध सापडले तर निरपराध पेशींना होणारी ही इजा थांबेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. पुढच्या तीस वर्षांच्या संशोधनामागे ती आशा होती.

'लक्ष्य' या कल्पनेचा उदय

1971 साली बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी एक धाडसी विचार मांडला. गाठ काही मिलिमीटरच्या पलीकडे वाढायची असेल तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. नव्या रक्तवाहिन्यांचे फुटवे रोखले तर गाठीची उपासमार होईल. हा विचार अनेकांना अवास्तव वाटला. 1983 साली बोस्टनमध्येच डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी गाठींतून स्रवणारे आणि रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू देणारे एक प्रथिन शोधले. 1989 साली जेनेनटेक कंपनीत नेपोलियोने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ घडवणारे एक प्रथिन वेगळे केले. दोन्ही प्रथिने एकच असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. त्याचे नाव 'व्हीईजीएफ', म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला वाढीचा निरोप देणारा घटक.

व्हीईजीएफला पकडणारे बेव्हासिझुमॅब हे प्रतिपिंड 26 फेब्रुवारी 2004 रोजी अमेरिकेत मान्य झाले. तोच निरोप पेशीच्या आत अडवणाऱ्या गोळ्याही मागोमाग आल्या : डिसेंबर 2005 मध्ये सोराफेनिब आणि जानेवारी 2006 मध्ये सुनिटिनिब. सोराफेनिबची कहाणी त्यातही निराळी आहे. ते मुळात 'रॅफ' या विकराला रोखण्यासाठी घडवले गेले. पुढे असे दिसले की ते व्हीईजीएफचा निरोप झेलणाऱ्या ग्राहीलाही तितक्याच जोमाने अडवते. त्याला पहिली मान्यता मूत्रपिंडाच्याच प्रगत कर्करोगासाठी मिळाली. 903 रुग्णांच्या चाचणीत रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ 2.8 महिन्यांवरून 5.5 महिन्यांवर गेला. नोव्हेंबर 2007 मध्ये यकृताच्या कर्करोगासाठीही त्याला मान्यता मिळाली. त्यामागच्या 602 रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांपर्यंत वाढले होते.

हे आकडे फार मोठे वाटणार नाहीत. पण त्यापूर्वी प्रगत यकृत-कर्करोगात आयुष्य निश्चितपणे वाढवणारे एकही पोटात घेण्याचे औषध नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे मोल कळते.

लघवीतील प्रथिन

या औषधांचा निराळा परिणाम अगदी आरंभीच नोंदला गेला होता. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 116 रुग्णांवर झालेली बेव्हासिझुमॅबची चाचणी जुलै 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ठळकपणे दिसलेले दुष्परिणाम दोन : वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून जाणारे प्रथिन. केस गळणे, उलट्या, पांढऱ्या पेशी घटणे या केमोथेरपीच्या ओळखीच्या खुणांशी यांचे काही नाते नव्हते. रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नसे. गडबड दिसत होती ती केवळ रक्तदाबाच्या यंत्रावर आणि लघवीच्या परीक्षेत.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाची रचना पाहावी लागते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म केशिकागुच्छ असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. या गाळणीचे थर तीन. आत केशिकेचे छिद्रयुक्त अस्तर, मध्ये एक पातळ पटल आणि बाहेरून पटलाला बोटांसारख्या पायांनी कवटाळणाऱ्या 'पोडोसाइट' पेशी. पाणी आणि क्षार पलीकडे जातात. अल्ब्युमिनसारखी प्रथिने रक्तातच राहतात.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की पोडोसाइट पेशी प्रौढ वयातही सतत व्हीईजीएफ बनवतात. गाळलेल्या द्रवाचा ओघ आतून बाहेर वाहत असताना हा निरोप त्याच्या उलट दिशेने, बाहेरून आत, केशिकेच्या अस्तरापर्यंत पोहोचतो आणि त्याची छिद्रे शाबूत ठेवतो. म्हणजे गाठ ज्या भाषेत रक्तवाहिन्यांना बोलावते, त्याच भाषेत मूत्रपिंडाची गाळणी रोज स्वतःची डागडुजी करून घेत असते.

याचा पुरावा कर्करोगाच्या दवाखान्यातून आला नाही. तो प्रथम प्रसूतिशास्त्रातून आला. गर्भारपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा रक्तदाब अचानक वाढतो, अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिन जाऊ लागते. प्री-एक्लॅम्प्सिया नावाचा हा विकार आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. भारतात जन्मलेले मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमंची बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात या विकाराचा अभ्यास करत होते. ड्व्होरॅक यांनी याच संस्थेत आपले प्रथिन शोधले होते. 2003 साली करुमंची यांच्या गटाने दाखवून दिले की अशा स्त्रियांच्या वारेतून एक विरघळणारी ग्राही प्रमाणाबाहेर रक्तात उतरते आणि व्हीईजीएफला वाटेतच पकडून ठेवते. तीच ग्राही उंदीरवर्गीय प्राण्यांना दिली असता रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिन जाऊ लागले आणि केशिकागुच्छांचे अस्तर सुजले.

शरीराने स्वतःच जणू बेव्हासिझुमॅबसारखे औषध तयार केले होते आणि त्याचे परिणामही तेच होते. त्याच वर्षी टोरंटोमध्ये व्हेरा एरेमिना आणि सुझन क्वॅगिन यांनी उंदरांच्या पोडोसाइटमधील व्हीईजीएफचे जनुक कमी-अधिक करून पाहिले. एक प्रत कमी झाली तरी केशिकागुच्छात प्री-एक्लॅम्प्सियासारखे बदल दिसत. दोन्ही नसतील तर पिल्ले जन्मानंतर जगत नसत.

एक शंका तरीही उरत होती. हे सारे मूत्रपिंड घडत असतानाचे बदल असतील. पूर्ण वाढलेल्या मूत्रपिंडाला या निरोपाची गरज असेलच असे नाही. मार्च 2008 मध्ये त्याच गटाने तिचेही उत्तर दिले. प्रौढ उंदरांच्या पोडोसाइटमधून व्हीईजीएफ काढून टाकल्यावर केशिकांत सूक्ष्म गुठळ्या होऊ लागल्या. बेव्हासिझुमॅब घेणाऱ्या सहा रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांतही तशाच गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली आढळल्या. पुढील काही वर्षांत फ्रान्समधील ऊतिपरीक्षणांनी चित्राला आणखी बारकावा दिला. व्हीईजीएफला पकडणाऱ्या इंजेक्शनांत केशिकांचे अस्तर अधिक दुखावते. ग्राहीला आतून अडवणाऱ्या गोळ्यांत पोडोसाइट पेशींनाच इजा झालेली अधिक वेळा दिसते.

सिस्प्लाटिन आणि या औषधांतला फरक येथे स्पष्ट होतो. सिस्प्लाटिन मूत्रपिंडाला इजा करते ते नेम चुकल्यामुळे. व्हीईजीएफ रोखणारे औषध इजा करते ते नेम अचूक लागल्यामुळे. लक्ष्य तेच असते; फक्त ते दोन ठिकाणी असते.

दोन बहिणी आणि मॅग्नेशियम

हा योगायोग व्हीईजीएफपुरता नव्हता. बेव्हासिझुमॅबच्या दोनच आठवडे आधी, फेब्रुवारी 2004 मध्ये, मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सेटक्सिमॅब मान्य झाले होते. ते 'ईजीएफ' या दुसऱ्या वाढ-घटकाची ग्राही अडवते. वर्षभरातच त्याचे काही रुग्ण अतिशय थकलेले, स्नायूंत गोळे येणारे असे दिसू लागले. त्यांच्या रक्तातील मॅग्नेशियम घसरले होते आणि ते लघवीवाटे वाहून जात होते.

कारण कळले ते नेदरलँड्समधील संशोधकांना, आणि तेही एका निराळ्याच कुटुंबामुळे. त्या कुटुंबातील दोन बहिणींना जन्मतः मॅग्नेशियमची कमतरता होती. 2007 साली त्यांच्या ईजीएफच्या जनुकातच दोष सापडला. मूत्रनलिकेच्या दूरच्या भागात मॅग्नेशियम परत खेचणारे एक द्वार असते. ईजीएफचा निरोप मिळाला तरच ते नीट उघडते. बहिणींत निरोपच पोहोचत नव्हता. सेटक्सिमॅबच्या रुग्णांत तो औषधाने अडवला होता. परिणाम एकच.

प्री-एक्लॅम्प्सियाच्या रुग्ण स्त्रिया आणि या दोन बहिणी, यांपैकी कोणीही कर्करोगाचे औषध घेतले नव्हते. पण त्या औषधांचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध विज्ञानाला त्यांच्यामुळे समजला. दुष्परिणाम हा निव्वळ उपद्रव असतो, ही समजूत येथे अपुरी पडते. मूत्रपिंड कसे चालते, याविषयीचे कित्येक तपशील या उपद्रवांनीच उघड केले.

मुंबईतील आदेश आणि त्यातील हिशेब

हे ज्ञान नियतकालिकांत जमा होत असताना भारतात निराळा झगडा चालू होता. बायरला सोराफेनिबचे भारतीय पेटंट मार्च 2008 मध्ये मिळाले. जुलै 2011 मध्ये नॅटकोने 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 84 खाली अर्ज केला. या कलमात तीन कसोट्या आहेत. लोकांची वाजवी गरज भागते का, औषध वाजवी किमतीत मिळते का, आणि शोधाचा वापर भारतात होतो का. महानियंत्रकांनी तिन्ही कसोट्यांवर बायरच्या विरुद्ध निष्कर्ष काढला. पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांहून किंचित अधिक रुग्णांपर्यंत कंपनी पोहोचली होती, असे आदेशात म्हटले होते. नॅटकोने विक्रीवर 6 टक्के स्वामित्वशुल्क द्यावे आणि दरवर्षी किमान 600 गरजू रुग्णांना औषध मोफत पुरवावे, असेही ठरले.

बायर अपिलात गेली. बौद्धिक संपदा अपील मंडळाने मार्च 2013 मध्ये परवाना कायम ठेवला आणि स्वामित्वशुल्क 7 टक्के केले. 15 जुलै 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा आणि न्यायमूर्ती एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठाने बायरची याचिका फेटाळली. डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दरम्यान 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या नव्या रूपावरील नोव्हार्टिसचा पेटंटदावा नाकारला होता. रक्ताच्या कर्करोगावरील त्या गोळीचे भारतीय पर्याय त्यामुळे बाजारात टिकले. फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने 42 कर्करोगौषधांवरील विक्रीनफा 30 टक्क्यांच्या मर्यादेत आणला. सोराफेनिबच्या पेटंटची मुदत 2020 साली संपली.

या निर्णयमालिकेचे श्रेय मोठे आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाने घर विकूनही जे औषध वर्षभर घेता आले नसते, ते आवाक्यात आले. मात्र कायद्याने विचारलेले तीन प्रश्न गरज, किंमत आणि वापर यांचे होते. औषध घेताना जो रक्तदाब मोजायचा, जी लघवी तपासायची, ज्या रक्तचाचण्या करायच्या, त्यांचा खर्च आणि सोय यांविषयी कोणी विचारले नव्हते. विचारण्याचे ते स्थानही नव्हते. परिणामी गोळीची किंमत शेकडा 97 टक्क्यांनी उतरली, पण गोळीसोबतच्या देखरेखीची किंमत आणि अंतर जिथल्या तिथे राहिले.

देखरेख म्हणजे नेमके काय

ही देखरेख महागडी नाही. सोराफेनिबच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते की पहिले सहा आठवडे दर आठवड्याला रक्तदाब मोजावा. 2008 साली साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांचे एकत्र विश्लेषण झाले. त्यात सोराफेनिब घेणाऱ्या सुमारे 23 टक्के रुग्णांचा रक्तदाब वाढलेला आढळला. तो वेळीच सापडला तर साध्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. कर्करोगाचे औषध बंद करावे लागत नाही. बेव्हासिझुमॅब देताना लघवीत रासायनिक पट्टी बुडवून पाहतात. पट्टीचा रंग 'दोन अधिक' किंवा त्याहून गडद आला तर चोवीस तासांची लघवी जमवून प्रथिन मोजतात. ते 2 ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर औषध थांबवून प्रमाण उतरण्याची वाट पाहतात. सेटक्सिमॅब चालू असताना मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पाहावे लागते, आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे पाहत राहावे लागते.

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण सोराफेनिबसारखे औषध सुरू करण्यापूर्वीच एक मूत्रपिंड शस्त्रक्रियेत गमावून बसलेले असतात. त्यांच्या उरलेल्या एका मूत्रपिंडाच्या बाबतीत ही देखरेख ऐच्छिक ठरत नाही.

येथे उलट बाजूची चूकही होऊ शकते. मूत्रपिंडाचे काम मोजण्यासाठी रक्तातील क्रिएटिनीन पाहतात. ते वाढले की मूत्रपिंड मंदावले असे मानतात. पण क्रिएटिनीन केवळ गाळले जात नाही, त्याचा काही अंश मूत्रनलिकांतील वाहक प्रथिने लघवीत सोडतात. स्तनाच्या कर्करोगावरील अबेमासिक्लिबसारखी काही औषधे हे वाहक अडवतात. मग गाळणी पूर्ववत चालू असताही क्रिएटिनीन चढलेले दिसते. ते पाहून कोणी घाईने औषध बंद केले, तर रुग्णाचा उपचार एका भासापायी थांबतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या निदर्शकाची चाचणी उपयोगी पडते.

वाढलेल्या रक्तदाबाचाही असाच दुहेरी अर्थ आहे. सुनिटिनिब घेणाऱ्या 534 रुग्णांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा रक्तदाब औषधाने वाढला, त्यांच्यात औषधाचा गुणही अधिक दिसला होता. नेम अचूक लागल्याचीच ती खूण असावी. म्हणून दुष्परिणाम दिसताच औषध टाकून देणे, हे त्याकडे दुर्लक्ष करण्याइतकेच अहितकारक ठरू शकते. मोजणे, अर्थ लावणे आणि मग ठरवणे, असा हा क्रम आहे. याच गरजेतून कर्करोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांना जोडणारी 'ऑन्को-नेफ्रॉलॉजी' ही शाखा आकाराला आली. 2011 मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने तिच्यासाठी स्वतंत्र मंच स्थापन केला.

कुंडमपर्यंतचे अंतर

मुंबई किंवा नागपूरसारख्या शहरात ही शाखा मोठ्या रुग्णालयांच्या आवाक्यात आहे. प्रश्न उभा राहतो तो औषध शहर सोडून पुढे जाते तेथे. लक्ष्यवेधी औषधांपैकी बहुतेक गोळ्या आहेत. केमोथेरपीसाठी रुग्णालयात यावे लागते, म्हणून दर खेपेला तपासणीही होते. गोळी मात्र महिन्याभराची घेऊन रुग्ण घरी जातो. तिची मोठी सोय हीच आणि तिचा मोठा धोकाही हाच.

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या शहरात आज नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी निगडित कर्करोग संस्था आहे. शहराच्या पूर्वेला, दिंडोरीकडे जाणाऱ्या वाटेवर कुंडम हा गोंड आदिवासींची मोठी वस्ती असलेला तालुका लागतो. या पट्ट्यातील कर्करोगाच्या रुग्णासमोर दोन वाटा असतात : जबलपूर, किंवा तेथून अडीचशेहून अधिक किलोमीटरवरचे नागपूर. निदान आणि पहिली चिठ्ठी अशा शहरात मिळते. पण पहिल्या सहा आठवड्यांतील सहा रक्तदाब-नोंदी त्या शहरात होणे शक्य नाही. दर आठवड्याला मजुरी बुडवून, बसचे भाडे खर्चून कोणी तिकडे जाणार नाही.

त्या नोंदी कुंडममध्येच व्हायला हव्यात, आणि विज्ञानाच्या दृष्टीने त्याला कोणतीही आडकाठी नाही. रक्तदाबाचे यंत्र आणि लघवीची पट्टी ही प्राथमिक आरोग्य केंद्रातील ओळखीची साधने आहेत. गर्भवती स्त्रियांच्या तपासणीत परिचारिका हीच दोन मोजमापे वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत, आणि तीही प्री-एक्लॅम्प्सिया वेळीच ओळखण्यासाठी. 2003 साली बोस्टनमध्ये सिद्ध झालेले नाते येथे व्यवहारात उतरते. गर्भवतीच्या मूत्रपिंडात आणि सोराफेनिब घेणाऱ्या रुग्णाच्या मूत्रपिंडात अडवला जाणारा निरोप एकच आहे, म्हणून त्याची खूण ओळखण्याची साधनेही एकच आहेत. नवे यंत्र लागत नाही. लागते ती एक चिठ्ठी : या रुग्णाचा रक्तदाब आणि लघवी दर आठवड्याला पाहावी, अमुक मर्यादा ओलांडली तर अमुक ठिकाणी कळवावे.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांपैकी 200 पहिल्याच वर्षी सुरू करण्याचा संकल्प होता. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील केंद्रे त्याला जोडलेली आहेत. जिल्ह्यातले उपचार केंद्र, तालुक्यातली परिचारिका आणि महाविद्यालयातले नोंदणी केंद्र हे तिन्ही दुवे एकमेकांना जोडले गेले, तर लक्ष्यवेधी औषधांविषयीची भारतीय निरीक्षणे भारतातच जमा होतील. आज या औषधांच्या बहुतेक पाठ्यपुस्तकी टक्केवाऱ्या परदेशी चाचण्यांतून आलेल्या आहेत. त्या चाचण्यांत मूत्रपिंडे आधीच दुबळी असलेले रुग्ण बहुधा घेतलेच जात नाहीत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ज्या देशात इतके पसरलेले आहेत, तेथे हा फरक किरकोळ मानता येणार नाही.

सोराफेनिब आता यकृताच्या कर्करोगातील एकमेव आधार राहिलेले नाही. 2020 साली अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब यांच्या जोडीने त्याला मागे टाकले. पण त्या जोडीतही व्हीईजीएफ रोखणारा घटक आहेच, आणि पुढे येणाऱ्या कित्येक औषधांतही तो असेल. औषधांची नावे बदलतील, किमती चढतील-उतरतील, नवी पेटंटे आणि नवे खटले येतील. मूत्रपिंडाची गाळणी मात्र त्याच निरोपावर चालत राहील.

म्हणून 9 मार्च 2012 च्या आदेशाकडे पाहताना त्याचे अपुरे राहिलेले काम कोणते, तेही पाहावे. 2,80,428 रुपयांचे 8,880 करण्यास कायदा, उद्योग आणि न्यायालये यांची तीन वर्षे लागली. त्या 8,880 रुपयांच्या गोळीमागे दर आठवड्याला रक्तदाबाची एक नोंद आणि लघवीची एक पट्टी पोहोचवण्यास न्यायालयाची गरज नाही. गरज आहे ती औषधाच्या उपलब्धतेत त्याची देखरेखही मोजण्याची.